तास किती झालेत?

जुनी क्रॉसर, म्हणजे माती-चिखलात चालवायची मोटरसायकल, बघायला गेलेला माणूस अजूनही पहिला प्रश्न "किती चालली आहे?" असाच विचारतो आणि विकणारा बिनदिक्कत "दोन-अडीच हजार असेल" म्हणून ठोकून देतो. दोघांनाही दिसत असतं की गाडीला किलोमीटरचा काटाच नाही. आमच्या कावासाकी केएलएक्स १४० चंच घ्या. स्पीडोमीटर नाही, हेडलाइट नाही, आणि नंबरप्लेटचा प्रश्नच येत नाही, कारण ही गाडी रस्त्यासाठी पास होत नाही. टेम्पोत घालून माळावर न्यायची, चालवायची, परत टेम्पोत घालून घरी आणायची. किलोमीटर मोजायची सोय नाही, आणि असती तरी इंजिनाचं काही कळलं नसतं.

साधा हिशोब बघा. समजा एखादी गाडी डांबरी रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ताशी ६० ने चाललीय आणि इंजिन ५,५०० आरपीएमवर आहे. एक किलोमीटर एका मिनिटात संपतो, म्हणजे इंजिनाचे ५,५०० फेरे. तीच गाडी मुरमाच्या चढाला पहिल्या गिअरमध्ये, त्याच ५,५०० वर, ताशी १५ ने चढली की तोच किलोमीटर चार मिनिटं खातो. फेरे झाले २२,०००. काटा दोन्हीकडे एकच किलोमीटर दाखवणार. शिवाय मातीत मागचं चाक फिरतं तितकी गाडी पुढे सरकत नाही. ज्या गाडीचा वेग पुढच्या चाकावरून मोजतात, तिच्या मीटरला मागचं चाक चिखलात पाच मिनिटं घुमतंय याचा पत्ताही नसतो. इंजिन बोंबलतंय आणि आकडा जागच्या जागी.

म्हणून तास.

माझं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या जवळ. मशीनचं वय तासांत मोजतात हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. ट्रॅक्टरला तास, जेसीबीला तास, पोकलेनला तास. जुना ट्रॅक्टर घ्यायचा झाला की आधी तासांचा आकडा बघतात आणि मग तो आकडा खरा आहे का यावर चहा होईपर्यंत वाद घालतात. आमच्या आत्ताच्या ट्रॅक्टरचं ऑइल २५० तासांनी बदलतो आणि आप्पा ते कॅलेंडरवर लिहितात. मी चाकणला नोकरीला लागलो, हळूहळू या मातीतल्या गाड्यांच्या नादाला लागलो, आणि आमच्यातले शहरातले रायडर तासांचा मीटर म्हणजे काहीतरी परदेशी खूळ असल्यासारखे बोलताना ऐकले तेव्हा मला हसू आलं. त्यांच्या सोसायटीचा जनरेटरही तासांवरच सर्व्हिसला जातो.

शर्यतीच्या गाड्यांमध्ये तर तासांशिवाय गतीच नाही. होंडाच्या सीआरएफ २५० आर चं मॅन्युअल उघडलंत तर एक शर्यत म्हणजे सुमारे अडीच तास असा हिशोब धरून तक्ता दिलेला दिसतो. दर सहा शर्यती किंवा सुमारे १५ तासांनी पिस्टन आणि रिंगा बदला, असं त्यात छापलंय. पंधरा तास! कम्युटर गाडी चालवणाऱ्याला हे वाचून घेरी येईल. पण ते इंजिन बारा-तेरा हजार आरपीएमला सहज जातं, पिस्टनचा स्कर्ट (खालचा घेर) नावापुरता असतो, कॉम्प्रेशन जबर आणि ऑइल जेमतेम. तो तक्ता शर्यतीत पहिला यायला निघालेल्या माणसासाठी आहे. रविवारी माळावर फिरवणारा त्याच्या दुप्पट-तिप्पट तास आरामात काढतो. मात्र दुप्पट काढले की पाचपट, हे कळायला आधी मोजलेले असावे लागतात. केटीएमच्या एसएक्स मालिकेवर तासांचा मीटर कंपनीतूनच लागून येतो आणि पहिली सर्व्हिस एक तास झाला की लगेच. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केटीएमने ४५० एसएक्स-एफ आणि ३५० ईएक्ससी-एफ भारतात विकायला आणल्या, तेव्हापासून आमच्याकडची पोरंही तासांच्या भाषेत बोलायला लागली. (चाकणला केटीएमच्या ड्यूक बनतात, पण या गाड्या तयार होऊनच ऑस्ट्रियाहून येतात. किमती ऐकल्यावर मी विषय बदलतो.)

आमच्या केएलएक्सला मीटर आला तो मात्र सर्व्हिसपेक्षा पैशांमुळे. गाडी तिघांची आहे: मी, माझा मावसभाऊ आणि गावातला एक वेल्डिंग वर्कशॉपवाला दोस्त. घेताना तिघांनी सारखे पैसे घातले. चालवताना मात्र सारखी चालत नव्हती. मी चाकणहून येणार तेव्हा, भाऊ द्राक्षांची कामं नसतील तेव्हा, आणि वर्कशॉपवाला जवळजवळ रोज संध्याकाळी. संध्याकाळी म्हणजे ऊन उतरल्यावर पण दिवस असताना. अंधार पडला की आमच्या भागात उसाच्या कडेने कोणी रेंगाळत नाही, बिबट्याचं राज्य सुरू होतं. तर टायर झिजला की तिघांनी सारखे पैसे का द्यायचे, हा प्रश्न भावाने काढला आणि बरोबरच काढला. त्यावर उपाय गावात तयारच होता. आपण जेसीबी भाड्याने सांगतो तसं करायचं. मीटर लावायचा आणि तासाला दर ठरवायचा.

बाजारात हे मीटर हजार-दीड हजारापासून मिळतात आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात, काळी डबी आणि त्यात छोटा डिस्प्ले. आत मात्र फरक असतो. सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे प्लगच्या वायरीवर गुंडाळायचा. मीटरमधून एक पातळ वायर येते, ती प्लगला जाणाऱ्या जाड वायरीभोवती चार-पाच वेढे देऊन घट्ट बांधायची. प्रत्येक ठिणगीबरोबर त्या पातळ वायरीत नुसत्या शेजारामुळे एक सूक्ष्म झटका उमटतो, तो मीटरला कळतो. झटके येतायत तोवर घड्याळ चालू, थांबले की बंद. कुठलीही मूळ वायर कापावी लागत नाही आणि गाडीला बॅटरी नसली तरी अडत नाही, कारण मीटरची स्वतःची बॅटरी आत असते. बऱ्याच मीटरांत ती सीलबंद असते, काही वर्षं चालते आणि गेली की मीटर फेकायचा. त्याच्याबरोबर तासही जातात, तेव्हा आकडा कागदावर उतरवत राहणं भाग आहे.

काही मीटर आरपीएमही दाखवतात. तिथे एक सेटिंग नीट करावं लागतं. चार-स्ट्रोक इंजिनाला खरं तर दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते, पण बऱ्याच सिंगल सिलेंडर गाड्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकतात आणि त्यातली एक वाया जाते. आपली गाडी कोणत्या जातीची ते मीटरला सांगितलं नाही तर आरपीएम दुप्पट किंवा निम्मा दिसतो. तासांवर याचा परिणाम होत नाही, त्यामुळे घाबरू नका.

नव्या शर्यतीच्या गाड्यांना ही गुंडाळी जमत नाही, कारण ठिणगीचा करंट बनवणारी कॉइल प्लगच्या डोक्यावरच बसलेली असते आणि जाड वायर उरतच नाही. तिथे कॉइलला जाणाऱ्या वायरीवर वेढे देऊन बघतात, नाहीतर थरथरीवर चालणारा मीटर घेतात. तो कुठेही चिकटवला की झालं, इंजिनाच्या कंपनाने जागा होतो. मला तो आवडत नाही. गाडी टेम्पोत बांधून आळेफाट्यापर्यंत नेली आणि रस्ता आपल्याकडे असतो तसा असला, तर टेम्पोचे हादरेसुद्धा इंजिनाचे तास म्हणून नोंदले जाऊ शकतात. तासाला पैसे लावणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये. तिसरा प्रकार गाडीच्या करंटवर जोडायचा. तो भरवशाचा, पण कुठून करंट घेतला यावर सगळं अवलंबून. किल्लीच्या लाइनवर जोडला तर इंजिन बंद आणि किल्ली चालू असतानाही तो तास मोजत बसतो.

आम्ही गुंडाळीचाच घेतला. बसवण्याचं काम वर्कशॉपवाल्याने केलं. मीटरमागे दुहेरी टेप लावून येते, तिच्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मे महिन्याचं ऊन आणि डिझेलने गाडी धुण्याची आमची सवय, दोन्ही मिळून कुठलाही गोंद सोडवतात. त्याने ॲल्युमिनियमच्या पट्टीची एक एल वाकवली, हँडलच्या क्लॅम्पच्या बोल्टखाली धरली आणि मीटर तिच्यावर दोन स्क्रूंनी बसवला. वायर टाकीखालून, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, आणि अर्थिंग कॉइलच्या बोल्टला. वेढ्यांवर टेप, टेपवर झिपटाय. प्रेशरचं पाणी मारताना त्या बाजूला नळी धरायची नाही, एवढी एक शिस्त.

मग दर. आमचा हिशोब असा बसला: ऑइल दर १५ तासांनी, लिटरभराचे ६०० रुपये धरले तर तासाला ४०. मागचा टायर साडेचार हजारांचा, आमच्या मुरमावर चाळीसेक तास टिकतो, म्हणजे तासाला ११० च्या आसपास. चेन-स्प्रॉकेटचा सेट चार हजार आणि ८० तास, तासाला ५०. उरलेले ५० इंजिन फंडात, पुढेमागे पिस्टन-रिंगा आणि क्लचप्लेटा येतील तेव्हासाठी. एकूण तासाला २५० रुपये, पेट्रोल ज्याचं त्याचं. चालवायला घेताना आकडा लिहायचा, ठेवताना लिहायचा. ट्रॅक्टरवाले नांगरटीला करतात तेच.

याचा एक फायदा कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. पूर्वी गाडी चालू ठेवून गप्पा मारणं, फोटो काढणं, तंबाखू मळणं सर्रास चालायचं. आता इंजिन पहिल्यांदा बंद होतं, मग माणूस खाली उतरतो. केएलएक्स एअरकूल्ड आहे, वारा लागला तरच थंड राहते, आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं तिला अजिबात मानवत नाही. मी हे आधी कितीदा तरी सांगितलं होतं. पैसे लागायला लागल्यावर कळलं.

भांडण मात्र दुसऱ्याच महिन्यात आलं. भाऊ त्याच्या मुलाला शिकवत होता. सपाट माळ, दुसरा गिअर, क्लच सोडायला शीक, ब्रेक लावायला शीक. इंजिनाला झोप येईल असं काम. वर्कशॉपवाला बंद पडलेल्या मुरमाच्या खाणीत उभ्या चढावर रेस पिळून गाडी वर फेकणार, खाली येणार, परत वर फेकणार. भावाचं म्हणणं, माझा तास आणि त्याचा तास एक कसा? टायर तो खातो, क्लच तो खातो, पैसे आम्ही सारखे द्यायचे?

हा वाद ओट्यावर चालला होता आणि आप्पा आत जेवत होते. आतूनच म्हणाले, "त्याला आपल्या जुन्या मॅसीचा मीटर लावा."

आता हे नीट सांगायला हवं, कारण या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. जुन्या मॅसी फर्ग्युसनचा तासांचा मीटर इंजिनावरून केबलने फिरायचा. म्हणजे तो खरं तर फेरेच मोजायचा आणि ते तास म्हणून दाखवायचा. इंजिन कामाच्या ठरलेल्या आरपीएमवर असलं तरच त्याचा तास घड्याळाच्या तासाशी जुळायचा. रेस कमी करून ट्रॅक्टर नुसता उभा ठेवला तर मीटरचा एक तास भरायला घड्याळाचे दोन तास लागायचे. आत्ताचे इलेक्ट्रॉनिक मीटर घड्याळासारखे आहेत, इंजिन चालू म्हणजे तास चालू, मग ते झोपलेलं असो की किंचाळत असो. जेसीबी तासावर सांगितलेल्या माणसाला हे चांगलं ठाऊक असतं. ऑपरेटर फोनवर बोलत बकेट हवेत धरून बसतो, डिझेलही फार जळत नाही आणि आपला तास मात्र भरत जातो. लहान विमानांत तर दोन्ही मीटर असतात. हॉब्स मीटर घड्याळाचा तास मोजतो आणि टॅकोमीटरमधला मीटर फेऱ्यांवरून. वैमानिक शिकवणाऱ्या बऱ्याच संस्था फी पहिल्यावर लावतात आणि इंजिनाची देखभाल दुसऱ्यावर करतात.

आमच्या हजार रुपयांच्या डबीला हे जमणारं नाही. सगळ्यात जास्त गेलेला आरपीएम लक्षात ठेवणारे मीटर मिळतात, ते आम्ही बघितले आणि घेतले नाहीत. तो आकडा बघून भांडणं कमी न होता वाढली असती. शेवटी ठरलं ते असं: खाणीतला तास दीड धरायचा, शिकवणीचा तास पाऊण, बाकी सगळा एक. शास्त्रीय आहे का? नाही. पण तिघांना पटलं आणि तेव्हापासून मीटरच्या आकड्याशेजारी जागेचं नाव लिहिणं सक्तीचं झालं.

आणि त्या जागेच्या रकान्याने मीटरपेक्षा जास्त सांगायला सुरुवात केली. फेब्रुवारी ते मे आमच्याकडे नुसता फुफाटा असतो. पुढच्या गाडीच्या मागे पाच मिनिटं चालवली तरी एअर फिल्टरचा फोम तांबडा होतो. तिथे तास बघायचेच नाहीत, प्रत्येक फेरीनंतर फोम रॉकेलने, मग साबणाने धुवायचा, सुकवायचा, फिल्टर ऑइल लावायचं. पावसाळ्यात फिल्टर त्या मानाने स्वच्छ राहतो, पण चिखल मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजमध्ये जातो, चाकांच्या बेअरिंगात जातो, चेन तर पार खाऊन टाकतो. दोन्ही मोसमांत मीटरवर सारखेच २० तास दिसतील. उन्हाळ्यातले ते २० तास रिंगांनी भोगलेले असतात आणि पावसातले बेअरिंगांनी. ज्याच्या डायरीत नुसते आकडे आहेत त्याला हे कधी दिसणार नाही.

माझ्या कंपनीतल्या एकाकडे बाहेरून आलेली जुनी सीआरएफ २५० आर आहे. तिच्या इनलेट व्हॉल्व्हचा गॅप ०.१२ मिमीच्या आसपास लागतो. तो पठ्ठ्या दर वेळी फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतो आणि तासांसमोर लिहितो. या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह टायटॅनियमचे, हलके, वरून कठीण मुलामा. धूळ आत गेली की मुलामा घासला जातो, व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसत जातो आणि गॅप कमी होत जातो. त्याच्या वहीत बराच काळ गॅप जागेवर होता, मग २० तासांत ०.०२ ने उतरला, आणि पुढच्या ८ तासांतच अजून ०.०४ ने. नुसता शिम (गॅप जुळवायची छोटी चकती) बदलून गॅप परत आणता येतो, पण तो उतार बघितल्यावर त्याने शिमच्या भानगडीत न पडता सरळ हेड खोलून व्हॉल्व्ह मागवले. गॅप संपून गाडी स्टार्ट व्हायला त्रास द्यायला लागते, तेव्हा कळणारे बरेच असतात. याला आधीच कळलं, आणि त्यात गेजइतकाच वाटा तासांच्या रकान्याचा. तारखा लिहिल्या असत्या तर काही दिसलं नसतं, कारण मध्ये दोन महिने गाडी नुसती उभी होती.

आता जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. हल्ली विकणारे मीटरचा फोटो टाकतात, "फक्त ३८ तास". मीटर हजार रुपयांचा आहे आणि चार-पाच वेढ्यांवर बसतो. पाच वर्षं पिदडलेल्या इंजिनावर काल लावला तरी तो शून्यापासूनच मोजणार. मला एकाने अशीच एक गाडी दाखवली होती, मीटर कोरा करकरीत आणि फूटपेगचे दात घासून गुळगुळीत. मी मीटरकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. फ्रेमला बूट घासतो तिथला रंग बघा, गिअर लिव्हरचं टोक बघा, पुढच्या स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेत का बघा, एअरबॉक्समध्ये फिल्टरच्या आतल्या बाजूने बोट फिरवून बोटाला माती लागते का बघा. ती लागली तर बाकीचं बघायची गरज नाही. आणि मग वही मागा. तेलकट बोटांचे ठसे असलेली, तीन वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेली, मध्येच मीटर बदलला तर "जुना बंद, नवीन ० पासून" असं लिहिलेली. तशी वही असलेली ३०० तासांची गाडी मी वही नसलेल्या ३८ तासांच्या गाडीपेक्षा आधी घेईन. वही नसेल तर पिस्टन-रिंगा, टॅपेटचं (व्हॉल्व्हच्या गॅपचं) काम, क्लचप्लेटा आणि चेन-स्प्रॉकेट एवढ्याचे पैसे सांगितलेल्या भावातून वजा करा आणि मगच बोलायला बसा.